सोलापूरच्या सपाटीवरून हम्प्ता पासची तयारी कशी करावी?

हिशेबनीस | २ एप्रिल

सर्वांना नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते, माझे वय ५१ आहे आणि एका सहकारी बँकेच्या हिशेब विभागात काम करते. मुलीच्या आग्रहावरून आम्ही दोघींनी जूनच्या शेवटच्या आठवड्यात हिमाचलमधील हम्प्ता पासच्या ट्रेकसाठी नाव नोंदवले आहे. सोबत गाइड, स्वयंपाकी आणि तंबू अशी सगळी व्यवस्था आहे. पहिल्या दिवशी मनालीहून गाडीने जोब्र्यापर्यंत जाऊन पायी चिका, दुसऱ्या दिवशी सुमारे ३,६०० मीटरवरील बालू का घेरा, तिसऱ्या दिवशी ४,२७० मीटरची खिंड ओलांडून पलीकडे शिया गोरू आणि चौथ्या दिवशी छत्रू, असा कार्यक्रम आहे.

मी आजवर सिंहगड दोनदा चढले आहे, तोही पंचविशीच्या आत. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५८ मीटरवर आहे आणि आजूबाजूला चढण्यासारखा डोंगर नाही. त्यातच आता उन्हाळा सुरू झाला आहे. हातात बारा आठवडे आहेत. सोलापुरातच राहून या उंचीची तयारी खरोखर करता येते का आणि येत असेल तर ती कशी करावी, याबद्दल अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पहाटधावक | २ एप्रिल

ताई, अवश्य करता येते. आम्ही काही जण रोज पहाटे साडेपाचला संभाजी तलावाच्या परिसरात धावतो. पहिले दोन आठवडे नुसते भराभर चाला, पुढे एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे सुरू करा. बाराव्या आठवड्यापर्यंत पाच किलोमीटर न थांबता धावता आले, तर छातीचा भाता तयार झाला असे समजा. ज्याचा दम चांगला, त्याला उंचीचा त्रास होत नाही, असे माझे मत आहे.

उतरण | ३ एप्रिल

पहाटधावक यांच्या शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. त्या समजुतीपायी मी स्वतः संकटात सापडलो होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मी त्या वेळी चाळिशीत होतो आणि अर्धमॅरेथॉन सहज धावत असे. आम्ही चार मित्र दिल्लीहून विमानाने थेट लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी गाडीने खारदुंग ला ही त्याहून बरीच उंच खिंड गाठली. वर असतानाच डोके दुखू लागले होते. आपण धावणारे आहोत, आपल्याला कसले काय होणार, या भावनेने मी कोणालाही सांगितले नाही. रात्री उलट्या झाल्या, त्याही लपवल्या. सकाळी स्नानगृहाकडे जाताना मी भिंतीला धरून चालत होतो, ते एका मित्राने पाहिले. त्याने मला फरशीच्या रेघेवर टाचेला बोट लावून चालून दाखवायला सांगितले. मला चार पावलेही धड टाकता आली नाहीत. त्यानंतर रुग्णालय, प्राणवायू आणि परतीचे विमान. मित्राने ओळखले नसते, तर काय झाले असते याचा विचार मी आजही टाळतो.

त्यामुळे ताई, दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. पायांची आणि दमाची तयारी सोलापुरात होते. विरळ हवेची सवय मात्र त्या हवेतच, हळूहळू वर जाऊनच होते. तिच्यासाठी इथे करण्यासारखा कोणताही व्यायाम नाही.

तुळजापूर_पायी | ३ एप्रिल

मी गेली अठरा वर्षे कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जातो. अंतर साधारण ४५ किलोमीटर. उंचीचे मला काही ठाऊक नाही, पण पावलांविषयी सांगू शकतो. दम असूनही केवळ फोडांमुळे रस्त्याच्या कडेला बसलेली तरुण मुले मी दर वर्षी पाहतो. बूट आजच घ्या, घरात घाला, बाजारात घालून जा आणि दोन महिन्यांत त्यांवर किमान दीडशे किलोमीटर होऊ द्या. नखे निघण्याच्या दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. पाय जिथे चुरचुरू लागेल तिथे फोड येण्याआधीच थांबून पट्टी लावायची, ही सवय सरावातच लागते.

हिशेबनीस | ५ एप्रिल

सर्वांचे मनापासून आभार. उतरण यांचा अनुभव मुलीलाही वाचून दाखवला.

मी थोडा हिशेब मांडून पाहिला. एका मजल्याची उंची सुमारे तीन मीटर धरली, तर आमच्या चार मजली इमारतीचा जिना एकदा चढल्यावर १२ मीटर होतात. चिका ते बालू का घेरा हा चढ सुमारे ५०० मीटरचा आहे, म्हणजे जिन्याच्या जवळपास बेचाळीस फेऱ्या. खिंडीच्या दिवशीचा चढ ६७० मीटर, म्हणजे छप्पन्न फेऱ्या. काल मी सहा फेऱ्या केल्या आणि आज पायऱ्या उतरताना मांड्या थरथरत आहेत. चढताना इतके काही वाटले नव्हते, मग उतरताना असे का होते?

उतरण | ५ एप्रिल

उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन तोलून धरतो आणि तो ताण त्याला चढण्यापेक्षा जास्त दुखवतो. याच कारणाने सरावात लिफ्टने खाली येऊ नका. उतरणेच अधिक मोलाचे आहे. खिंडीवरून शिया गोरूकडचा उतार तीव्र आहे आणि जूनमध्ये त्यावर बर्फ असतो. तिथे थकलेले गुडघे घसरतात. आठवड्यातून तीनच दिवस जिना करा, मधल्या दिवशी सपाटीवर चाला, एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. चौथ्या आठवड्यापासून पाठीवर दोन लिटर पाण्याच्या बाटल्या आणि पुढे हळूहळू सहा किलोपर्यंत वजन. दोन काठ्या मिळाल्या तर त्या वापरायलाही याच जिन्यावर शिका.

वैद्यक_होटगीरोड | ७ एप्रिल

मी डॉक्टर आहे. या धाग्यावरील सल्ला वैयक्तिक तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे आधी नमूद करतो.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सोलापुरात आणि हम्प्ता पासवर सारखेच, सुमारे २१ टक्के असते. बदलतो तो हवेचा दाब. ४,२७० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. शरीर आधी श्वास वाढवून ही तूट भरून काढते, नंतर मूत्रपिंडे रक्ताची आम्लता सावरतात आणि त्यासाठी काही दिवस लागतात. हे दिवस धावण्याच्या सरावाने कमी होत नाहीत. तंदुरुस्त माणूस भरभर वर पोचतो, त्यामुळे कधी कधी त्यालाच आधी त्रास होतो.

पर्वतीय वैद्यकातील सर्वमान्य संकेत असा आहे, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहावे. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपणे चालते. तुमच्या मार्गात चिकानंतरचे टप्पे या संकेतात बसतात. मनालीहून, म्हणजे सुमारे २,०५० मीटरवरून, एका दिवसात चिकाला ३,१०० मीटरवर झोपणे हा मात्र मोठा टप्पा आहे. दिल्लीहून रात्रभर बसने येऊन त्याच सकाळी निघणार असाल, तर तो बदला. मनालीत दोन रात्री काढा.

डोकेदुखी, मळमळ, अवाजवी थकवा आणि गरगरणे ही सौम्य त्रासाची लक्षणे आहेत. ती असताना अधिक वर चढायचे नाही. बसल्या जागी धाप लागणे, खोकला थांबेनासा होणे, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काहीही दिसले, तर रात्र असो वा पाऊस, खाली उतरणे हाच मुख्य उपचार आहे. डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, सवयीची प्रक्रिया वेगाने घडवते. प्रतिबंधासाठी प्रौढांना बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर जाण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फा औषधांची ॲलर्जी असेल किंवा इतर गोळ्या चालू असतील, तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती मुळीच घेऊ नये.

पहाटधावक | ७ एप्रिल

डॉक्टरसाहेब आणि उतरण, माझी समजूत चुकीची होती हे मान्य करतो. तरीही धावणे सोडू नये, असे वाटते. दम चांगला असला म्हणजे दिवसाचे आठ तास चालूनही संध्याकाळी माणूस पुरता गळून जात नाही आणि मग डोके उंचीमुळे दुखते आहे की थकव्यामुळे, हे ओळखणे सोपे जाते. यात चूक असेल तर सांगावे.

वैद्यक_होटगीरोड | ८ एप्रिल

यात चूक नाही. अगदी याच कारणासाठी तयारी करायची असते.

यंत्रमाग | ११ एप्रिल

कपड्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमचे घर तीन पिढ्या चादरी आणि टॉवेल विणते आहे. सोलापुरी टॉवेल अंग चांगले पुसतो, कारण कापसाचा धागा पाणी ओढून घेतो आणि धरून ठेवतो. टॉवेलाचा हा गुण थंडीत अंगावरच्या बनियनचा दोष ठरतो. चढताना आलेला घाम सुती कपडा धरून ठेवतो आणि विश्रांतीला थांबले, की तेच पाणी वाळताना अंगातली ऊब ओढून नेते.

म्हणून अंगालगत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर, तिच्यावर फ्लीस किंवा घरची जुनी लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे जॅकेट घ्यावे. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते, ही आपल्या धनगरांच्या घोंगडीची पिढ्यान्‌पिढ्यांची परीक्षा आहे. एक हजार मीटर वर गेले, की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. आपल्या आणि खिंडीच्या उंचीतील फरकाचा हिशेब केला, तर केवळ उंचीमुळेच सुमारे २५ अंशांचा फरक पडतो. मात्र चालू लागण्यापूर्वी एक थर उतरवा. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, म्हणजे दहा मिनिटांनी घाम येत नाही. आवडती चादर घरीच ठेवा. दोन किलोंचे ओझे होईल आणि स्लीपिंग बॅगेपुढे तिचा उपयोग नाही, हे विणणारा असूनच सांगतो.

कडकभाकरी | ११ एप्रिल

खाण्याचे मी सांगते. उंचीवर भूक मंदावते आणि गोड बिस्किटांचा दोन दिवसांत कंटाळा येतो. मी हर की दूनला गेले, तेव्हा ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी नेली होती. कडक भाकरी दहा-पंधरा दिवस सहज टिकते, वजनाला हलकी असते आणि सूपमध्ये चुरून खाल्ली, तर घशाखाली उतरते. चटणीत मीठ, तिखट आणि शेंगदाण्याचे तेल असल्यामुळे तोंडाला चव येते. स्वयंपाकी डाळभात, भाजी सगळे देतात, ते पोटभर खाच. ही शिदोरी अन्नावरची वासना उडते त्या संध्याकाळसाठी आहे. भाकरी वर्तमानपत्रात न बांधता घट्ट झाकणाच्या डब्यात न्या, म्हणजे चुरा होणार नाही.

सॅक_पाठीवर | १४ एप्रिल

माझे मत थोडे वेगळे आहे. सध्या अनेक जण मोठी सॅक खेचरावर देतात आणि स्वतः मोकळे चालतात. स्वतःचे ओझे स्वतः वाहणे हा ट्रेकचा अविभाज्य भाग आहे. ताईंनी दहा किलोंचा सराव करून सॅक स्वतःच न्यावी.

तुळजापूर_पायी | १४ एप्रिल

वारीतही वारकऱ्यांचे सामान दिंडीच्या ट्रकमधून जाते, म्हणून त्यांच्या चालण्याचे मोल कमी होत नाही. एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्या व्यक्तीने गुडघे जपावेत.

मनालीचे_दिवस | १५ एप्रिल

मी मूळचा अक्कलकोट रस्त्यावरचा. मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत मूलभूत अभ्यासक्रम केला आणि त्यानंतर काही हंगाम तिथल्या गटांबरोबर सहायक म्हणून फिरलो. सॅक खेचरावर द्यावी, या मताचा मी आहे. मात्र लहान पिशवीत पाणी, पावसाळी जॅकेट, उबदार थर, खाऊ, औषधे आणि डोक्यावरची विजेरी हे स्वतःजवळ असलेच पाहिजे, कारण खेचरे वेगळ्या गतीने जातात आणि हवामान त्यांची वाट पाहत नाही. सामान बांधताना वजन मर्यादेत ठेवा. जनावराच्या किंवा हमालाच्या पाठीवर आपण काय लादतो, याची जबाबदारी आपलीच आहे.

आता गाइडविषयी. ताई, तुम्ही आयोजकांना अजून फोन केला नसेल, तर या आठवड्यात करा. किती जणांमागे एक गाइड आहे, प्राणवायूचे सिलिंडर आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गटासोबत चालतो की तळावरच राहतो, कार्यक्रमात हवामानासाठी एखादा राखीव दिवस आहे का आणि मधूनच कोणाला परतावे लागले, तर त्याच्यासोबत कोण उतरते, हे प्रश्न मोकळेपणाने विचारा. चांगला आयोजक या प्रश्नांनी रागावत नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अडखळत आले, तर मी तिथे पैसे भरणार नाही.

वाटेत थंडगार प्रवाह पायी ओलांडावे लागतात. ते बर्फ वितळून येणारे पाणी असल्यामुळे दुपारी ते वाढते, म्हणून गाइड पहाटे उठवतो. त्या वेळी कुरकुर करू नका. प्रवाहासाठी मागे पट्टा असलेल्या सँडल न्या. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या किरणांनी डोळ्यांना इजा होते, म्हणून अतिनील किरण अडवणारा, कडा झाकलेला गॉगल ढगाळ दिवशीही हवाच.

हिशेबनीस | ९ मे

महिनाभर लिहिता आले नाही, क्षमस्व. कालपर्यंतची नोंद देते. जिना आठवड्यातून तीन दिवस, पाठीवर चार किलो, २४ फेऱ्या. रविवारी पहाटे पाचला निघून हिप्परगा तलावापर्यंत आणि परत, तेही नव्या बुटांत. दिवसा पारा ४२ च्या पुढे जात असल्याने आठच्या आत घरी येते. आयोजकांना सर्व प्रश्न विचारले. परतणाऱ्यासोबत सहायक गाइड उतरतो, असे त्यांनी न अडखळता सांगितले. मनालीत दोन रात्री ठरवल्या आहेत.

आता दुसरी गोष्ट, जी लिहिण्यासाठी मला आठ दिवस लागले. मला चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. नाव नोंदवताना आरोग्याच्या अर्जात ‘कोणताही आजार नाही’ असे मी लिहिले, कारण नकार येईल अशी भीती वाटली. मुलीलाही हे ठाऊक नव्हते. उतरण यांनी डोकेदुखी लपवल्याचे लिहिले, ते वाचल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. त्यांनी जे उंचीवर केले, ते मी सोलापुरात, टेबलाशी बसून केले आहे. काल मुलीला सांगितले. आता पुढे काय करावे?

उतरण | ९ मे

ताई, तुम्ही हे इथे लिहिलेत याचे मला फार समाधान वाटले. आजच आयोजकांना कळवा. तिसऱ्या दिवशी तुम्हाला गरगरले, तर गाइड त्या अर्जावर विसंबून निर्णय घेणार आहे. खोटा अर्ज हातात असलेला गाइड अंधारात चालणाऱ्या माणसासारखा असतो.

वैद्यक_होटगीरोड | १० मे

रक्तदाब आटोक्यात असेल, तर केवळ त्या कारणाने सहसा कोणाला अडवले जात नाही. उंचीवर पहिले काही दिवस तो वाढतो, म्हणून निघण्यापूर्वी तो स्थिर असणे महत्त्वाचे आहे. घरी सकाळ-संध्याकाळ मोजून दोन आठवड्यांची नोंद ठेवा आणि ती आपल्या डॉक्टरांना दाखवा. गोळीचे नाव इथे लिहू नका, पण त्यांना दोन गोष्टी अवश्य विचारा. त्या गोळीत लघवी वाढवणारा घटक आहे का, कारण डायमॉक्सही तेच काम करते आणि दोन्हींमुळे पाणी व पोटॅशियम घटू शकते. आणि ती हृदयाची गती रोखणाऱ्या गटातील आहे का, कारण तसे असेल तर चढावर दम लवकर लागेल. गोळी मनाने बंद करू नका.

कडकभाकरी | १० मे

आणि माझ्या चटणीतले मीठ कमी करा, ताई. मी सांगितले तेव्हा मला हे माहीत नव्हते.

हिशेबनीस | १२ जून

सर्वांना कळवते. दोन आठवड्यांच्या नोंदीत संध्याकाळचे आकडे बरेचदा चढे आले. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि किमान सहा आठवडे निरीक्षणाशिवाय उंचीवर जाण्याचे प्रमाणपत्र देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. मी आयोजकांना खरी माहिती असलेला नवा अर्ज पाठवला. त्यांनी आमच्या दोघींच्या जागा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातील गटात हलवल्या आहेत. मुलगी म्हणाली, की जूनमध्ये ती एकटी जाणार नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण तिच्या रजेचा अर्ज तिने बदलूनही टाकला होता.

जिना चालूच आहे, काल ४२ फेऱ्या झाल्या. नव्या गोळीवर आकडे उतरत आहेत. आता सप्टेंबरमध्ये त्या मार्गावर काय वेगळे असेल, ते कोणी सांगेल का?

मनालीचे_दिवस | १३ जून

सप्टेंबरमध्ये खिंडीवर बर्फ फारच थोडा असतो, बहुतेक वाट दगडांची आणि मोकळी. त्यामुळे घोट्यांना आधार देणारे बूट आणि काठ्या अधिक उपयोगी पडतील. प्रवाहांचे पाणीही जूनपेक्षा बहुधा कमी असते. महिन्याच्या उत्तरार्धात पाऊस ओसरू लागतो आणि आकाश स्वच्छ असते, मात्र रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. खिंडीच्या अलीकडे हिरवी कुरणे आणि पलीकडे लाहौलचा उघडा, कोरडा दगड, हा बदल त्या दिवसांत फार ठळक दिसतो. शेवटी छत्रूहून गाडीने ग्राम्फूमार्गे अटल बोगद्यातून मनालीला परत येता येते. पावसात घरातच सराव करावा लागला, तरी बूट आठवड्यातून दोनदा बाहेर घालत राहा.

तुळजापूर_पायी | १३ जून

ताई, तुम्ही परत आल्यावर कोजागरी येईल. पाय तयार असतीलच. मुलीला घेऊन या, रूपाभवानीच्या देवळापाशी संध्याकाळी सहाला निघतो.

हिशेबनीस | १३ जून

येऊ. रक्तदाबाचे यंत्र पिशवीत घेऊनच येऊ.